सोडियम इलेक्ट्रॉन ‘देतो’ म्हणजे नक्की काय होतं?

होटगीरोडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. अणूचा आयन (म्हणजे प्रभार आलेला अणू) कसा होतो हे पुस्तकातलं तिला पाठ आहे. सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचात इतके इलेक्ट्रॉन. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन दिला की अष्टक (बाहेरच्या कवचात आठ) पूर्ण होतं, म्हणून तो देतो आणि धनप्रभारित आयन होतो. क्लोरीनचं २, ८, ७. त्याला एक कमी पडतो, तो घेतो आणि ऋणप्रभारित आयन होतो. परीक्षेत मार्क मिळतील, त्याची चिंता नाही.

पण तिचे प्रश्न वेगळेच आहेत. इलेक्ट्रॉन दिल्यावर काहीतरी कमी झालं, मग चिन्ह अधिक कसं? सोडियमला कुठून कळतं की आपल्याला बाहेर आठ हवेत? आणि सोडियम पाण्यात टाकला की पेटतो, क्लोरीन विषारी वायू, मग दोन्ही मिळून झालेलं मीठ आपण भाकरीत घालून खातो ते कसं? मी कॉमर्सची. मधल्या प्रश्नावर तर काहीच सांगता आलं नाही. तिला “पुस्तकात आहे म्हणून” असं उत्तर द्यायचं नाहीये मला. कुणी नीट समजावेल का?

शेंगाचटणी

ताई, पहिला प्रश्न गणिताचा आहे. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन असतात आणि आयन होताना त्यांना कुणी हात लावत नाही. बाहेर ११ इलेक्ट्रॉन. एक गेला, १० उरले. तिला वहीत अधिक ११ आणि वजा १० अशी बेरीज मांडायला सांगा, उत्तर अधिक १. जी गोष्ट गेली तीच ऋण होती, म्हणून बाकी अधिक आली. क्लोरीनला १७ प्रोटॉन, इलेक्ट्रॉन १७ चे १८ झाले, उत्तर वजा १. पुढच्या प्रश्नाला सर येतील, त्यांची वाट बघू.

प्रयोगवही

आलो. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्याच मुलाला पडतो असा हा मधला प्रश्न आहे. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

सोडियमला काहीही कळत नाही, आणि सोडियम आपणहून इलेक्ट्रॉन देतही नाही. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, दोघांत ओढ आहे. ती तोडायला ऊर्जा घालावीच लागते. वायुरूपातल्या एक मोल (अणू मोजायचं एक ठरलेलं मोठं माप) सोडियम अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. हीच त्याची पहिली आयनीभवन ऊर्जा. “सोडियम सहज देतो” असं म्हणतो तेव्हा अर्थ इतकाच, की बाकी बऱ्याच मूलद्रव्यांपेक्षा त्याला कमी लागते. फुकट कुणीच देत नाही.

आता क्लोरीन. एक मोल क्लोरीन अणूंना एकेक इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात. हिशोब मांडा: ४९६ खर्च, ३४९ जमा, म्हणजे १४७ चा तोटा. सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू एकमेकांपासून लांब ठेवले, तर ही देवाणघेवाण होणारच नाही. पुस्तकातल्या चित्रात दोनच अणू आणि मध्ये एक बाण असतो, आणि हा तोटा त्या चित्रात दिसतच नाही.

मग मीठ होतं कसं? कारण आयन झाल्यावर ते एकटे राहत नाहीत. धन आणि ऋण जवळ येतात, त्यांच्याभोवती आणखी येतात, आणि स्फटिक उभा राहतो. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड चिकटलेले असतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. सुटे आयन असे रचले गेले की मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सोडियम धातूतून अणू सुटे करायचे १०७ आणि क्लोरीनचे रेणू फोडायचे १२१ हेही खर्चात धरा, तरी शेवटी सुमारे ४१० किलोज्यूल शिल्लक राहतात. सोडियमचा तुकडा क्लोरीनमध्ये लख्ख पिवळा पेटतो, ती ही शिल्लक. म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर असं, की निर्णय एकट्या सोडियमचा नसतो. शेजारी कोण आहे आणि सगळ्यांचा मिळून हिशोब कुठे बसतो, यावर आयन होणं ठरतं.

बीएस्सी_भाग_दोन

सर, हे पटलं, पण मग अष्टकाचं काय? ते तर बहुतेक वेळा बरोबर येतं. शेजारच्यांनी ठरवायचं असेल तर सोडियमचे दोन इलेक्ट्रॉन का नाही जात? दुहेरी धनप्रभार असलेला आयन स्फटिकात आणखी घट्ट बसेल की.

प्रयोगवही

नेमकं इथेच अष्टक येतं. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटीहून जास्त. पहिला तिसऱ्या कवचात होता, केंद्रकापासून लांब, आणि आतल्या दहा इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत पुरी पोचत नव्हती. दुसरा काढायचा तो दुसऱ्या कवचातून, केंद्रकाच्या जवळून. तिथे ओढ कितीतरी जास्त. स्फटिक कितीही घट्ट झाला तरी एवढा खर्च भरून निघत नाही.

मॅग्नेशियम बघा. पहिला ७३८, दुसरा १४५१, तिसरा ७७३३. दोन इलेक्ट्रॉनांपर्यंत परवडतं, तिसऱ्याला खर्च आभाळाला भिडतो. म्हणून मॅग्नेशियम नेहमी दोनच देतो. आठाचा आकडा अणूला आवडतो असं काही नाही, खर्च जिथे एकदम उसळी घेतो ती जागा या मूलद्रव्यांत अष्टकाशी येते, इतकंच.

घेणाऱ्यांचंही तसंच. ऑक्सिजन अणूला पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की १४१ किलोज्यूल बाहेर पडतात. दुसरा घालायला मात्र उलट सातशेहून अधिक खर्च होतात, कारण आधीच ऋण झालेल्या आयनात आणखी एक ऋण कोंबायचा असतो. म्हणून सुटा ऑक्साइड आयन टिकत नाही. पण कळीच्या चुन्यात (कॅल्शियम ऑक्साइड) तोच ऑक्साइड आयन कॅल्शियम आयनांच्या मध्ये व्यवस्थित बसलेला असतो. दोनचा प्रभार दोनच्या प्रभाराला ओढतो, तेव्हा स्फटिकातून मिळणारी ऊर्जा मिठापेक्षा चौपटीहून जास्त असते.

भीमाकाठ

सर, आदर ठेवून मतभेद नोंदवतो. मी क्लासमध्ये नववी-दहावी शिकवतो. “सोडियमला एक द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो” या वाक्यावर मुलं पटकन सूत्रं लिहायला लागतात. ४९६ आणि ७८७ सांगत बसलो तर निम्मी पोरं तिथेच वही मिटतील. आधी नियम, मग कारण.

प्रयोगवही

आकडे सांगू नका, मान्य. पण एक वाक्य सांगायला काय हरकत आहे: “इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागते, आणि आयन एकत्र आल्यावर त्याहून जास्त ऊर्जा मिळते.” नववीच्या मुलाला हे झेपतं. ते न सांगितल्याचा परिणाम मी अकरावीत बघत आलो आहे. आयनीभवन ऊर्जेचा धडा आला की मुलं विचारतात, “सर, सोडियमला द्यायचाच होता ना, मग ऊर्जा कशाला?” दोन वर्षं पाठ केलेलं तिथे अंगावर येतं. आणि ‘अष्टक हवं’ एवढंच डोक्यात असलं तर लोखंडापाशी गाडी अडते. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देऊन फेरस होतं, तीन देऊन फेरिक. दोन्हींत बाहेर आठ नाहीत. बोअरचं पाणी उपसताना नितळ दिसतं आणि टाकीत राहिलं की तांबूस साका बसतो, ते बऱ्याचदा फेरस आयनाचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरिक होणं असतं. अष्टकाचा नियम तिथे गप्प बसतो.

भीमाकाठ

ते एक वाक्य घालायला माझी ना नाही. क्रमाबद्दल माझं मत तेच आहे.

शिफ्ट_सिस्टर

तिसऱ्या प्रश्नाला मी घेते. ताई, मुलीला सांगा की मिठात सोडियम धातू नसतोच. धातू पाण्यात पेटतो कारण त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन पाण्याकडे जातो, हायड्रोजन सुटतो, उष्णता होते. मिठातल्या सोडियम आयनाने तो इलेक्ट्रॉन आधीच घालवलेला आहे. द्यायला काही उरलेलंच नाही, मग पेटणार काय? क्लोराइडचंही तसंच. क्लोरीन वायू फुफ्फुसात जाऊन जाळतो, क्लोराइड आयन तर आपल्या रक्तात आणि जठररसात कायम असतो.

आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक आहे, पारा चाळिशीच्या वर. जुलाब-उलट्यांनी गळालेली पोरं वॉर्डात येतात तेव्हा जे ओआरएस देतो ते म्हणजे मोजून दिलेले आयन. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल, पोटॅशियम २०, क्लोराइड ६५, सिट्रेट १०, आणि ग्लुकोज ७५. प्रभाराची बेरीज करून बघा: धन ९५. ऋण बाजूला क्लोराइड ६५, आणि सिट्रेटवर तीन ऋणप्रभार असतात म्हणून ३०, मिळून ९५. पुडीतले धन आणि ऋण आयन असे बरोबर जुळलेले असतात. ग्लुकोज आयन नाही, पण आतड्यात सोडियम आत घेणारी एक महत्त्वाची वाट ग्लुकोज सोबत असेल तरच उघडते, म्हणून ते हवंच. पुडी एक लिटरची असेल तर पाणी एक लिटरच घ्या, अंदाजाने कमी-जास्त करू नका. हे मी रोज सांगते, इथेही सांगते.

होटगीरोडची_आई

सिस्टर, ती बेरीज मुलीनं लगेच करून बघितली. खूप आवडली तिला. आता नवा प्रश्न: मीठ पाण्यात विरघळताना सोडियम क्लोरीनला इलेक्ट्रॉन देतो का?

बीएस्सी_भाग_दोन

नाही ताई, ती देवाणघेवाण कधीच झालेली असते. खड्यात आयनच आहेत, पाणी फक्त त्यांना सुटं करतं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण असते, ती सोडियम आयनाकडे वळते. हायड्रोजनची बाजू किंचित धन, ती क्लोराइडकडे. असे रेणू चहूबाजूंनी गराडा घालतात आणि आयन खड्यातून निघतात. म्हणून कोरडं मीठ वीज नेत नाही आणि मिठाचं पाणी नेतं. आयन दोन्हीकडे आहेत, पण खड्यात जागचे हलू शकत नाहीत. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हाही वीज नेतं, पाण्याचा थेंब नसताना.

सर, आयनांच्या आकाराचं सांगा ना. मला ते सगळ्यात भारी वाटलं होतं.

प्रयोगवही

थोडक्यात सांगतो. सोडियम अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, आयनाची १०२. एक इलेक्ट्रॉन गेला तो सगळं बाहेरचं कवच घेऊन गेला. क्लोरीन अणू ९९, क्लोराइड १८१. फ्लुओराइड, सोडियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम या चारही आयनांत इलेक्ट्रॉन दहाच असतात, निऑनइतकेच. पण प्रोटॉन ९, ११, १२, १३ असे वाढत जातात, ओढ वाढते, आणि त्रिज्या १३३ वरून १०२, मग ७२, मग सुमारे ५४ अशी आकसत जाते. सोडियम आयन निऑनसारखा ‘झाला’ असं मुलं लिहितात. इलेक्ट्रॉन तेवढे झाले, केंद्रक सोडियमचंच राहिलं. मूलद्रव्य प्रोटॉनवर ठरतं.

पूर्वभाग_डाईंग

हा धागा वाचून राहवलं नाही. आमचं सूत रंगवायचं काम आहे, वडिलांपासून. चादर-टॉवेलचं सूत. शिक्षण बारावी सायन्सपर्यंत, पण आयन रोज हाताखाली असतात बगा.

रिअॅक्टिव्ह रंगाच्या कुंडात आम्ही भरपूर मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) टाकतो. नवीन पोरगं कामाला आलं की विचारतंच, रंगात मीठ कशाला. कापूस पाण्यात भिजला की त्याच्या अंगावर थोडा ऋणप्रभार येतो, आणि या रंगाचा रेणू पाण्यात ऋण आयन असतो. दोघं एकमेकांना ढकलतात, रंग सुताजवळ जाईना. मीठ टाकलं की सोडियम आयन सुताभोवती जमतात, ढकलणं कमी होतं, रंग सुतावर चढतो. मग सोडा अॅश (सोडियम कार्बोनेट) टाकायचा, तेव्हा तो सुताला पक्का धरतो. मिठातले सोडियम आयन कुठं जात नाहीत, काम करून पाण्यातच राहतात. म्हणून डाईंगच्या सांडपाण्यात क्षार एवढे असतात आणि ते पाणी शुद्ध करणं जड जातं. त्याची काळजी आम्हा सगळ्यांनी घ्यायला पाहिजे, नाल्यात सोडून चालत नाही.

बोअरचं पाणी थेट वापरलं तर घोळ होतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन, दोन-दोन धनप्रभारांचे. ते रंगाला धरून बसतात, डाग पडतात, शेड जुळत नाही. म्हणून सॉफ्टनर. त्यातली रेझिन (बारीक मण्यांचा थर) कॅल्शियम धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडते, एका कॅल्शियममागे दोन सोडियम, प्रभार सारखा राहायला पाहिजे म्हणून. रेझिन भरली की मिठाचं दाट पाणी सोडून परत ताजी करायची.

पण इलेक्ट्रॉन देणं-घेणं खरं बघायचं असेल तर व्हॅट रंग. हा रंग पाण्यात विरघळतच नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घातलं की हायड्रो रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतं, रंग ऋण आयन होतो आणि विरघळतो. नीळ असेल तर कुंड पिवळसर हिरवं दिसतं. सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत घेतो, आणि डोळ्यांदेखत सूत निळं होतं. रंग आत अडकला, आता पाण्याला सापडत नाही. माझ्या पोराला मी हेच दाखवून ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन जाणं) आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणं) शिकवलं.

बीएस्सी_भाग_दोन

काका, हे आमच्या प्रॅक्टिकलपेक्षा भारी आहे. ताईंच्या मुलीसाठी एक भर घालतो. निळीत इलेक्ट्रॉन अख्ख्या रेणूला मिळतात, एका अणूला नाही. आणि सोडा अॅशनं होतं ते वेगळंच, तिथे कापसाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन जात नाही, प्रोटॉन जातो. धन वस्तू गेली म्हणून उरलेला भाग ऋण. अमोनियम आयन याच्या उलट, अमोनियाला एक प्रोटॉन मिळतो आणि तो धन होतो. तेव्हा आयन म्हटलं की दर वेळी इलेक्ट्रॉनच इकडचा तिकडे गेला असं धरू नका.

सांगोल्याचा_बागायतदार

आमच्याकडं पण एक आहे. डाळिंबाला बोर्डो (बुरशीवरचं औषध) फवारतो. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये भिजवायचा, लोखंडी भांडं अजिबात नाही. मिसळून झालं की स्वच्छ घासलेला विळा द्रावणात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना पाहिजे, नाहीतर पानं-फळं करपतात. वडील करायचे तसं मीही करतो. ते तांबूस काय असतं, सर?

प्रयोगवही

ते शुद्ध तांबं आहे. मोरचुदाच्या पाण्यात तांबं आयनरूपात असतं, दोन इलेक्ट्रॉन कमी असलेलं, म्हणून पाणी निळं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून फेरस आयन होऊन पाण्यात उतरतो. तांब्याचा आयन तेच दोन घेऊन अणू होतो आणि पात्यावर बसतो. लोखंडाकडून तांब्याकडे इलेक्ट्रॉन जाण्यात हिशोब नफ्याचा आहे, उलटा नाही. म्हणून तांब्याची तार हिराकशीच्या (फेरस सल्फेट) पाण्यात ठेवली तर काहीच होत नाही. लोखंडी भांडं का नको तेही यातच आलं: भांडं झिजतं आणि औषधातलं तांबं भांड्यावर बसतं.

चुना पुरेसा पडला की तांब्याचे आयन हायड्रॉक्साइडबरोबर बांधले जातात, पाण्यात मोकळे जवळजवळ राहत नाहीत, म्हणून विळा कोरा निघतो. मोकळे आयन जास्त असले की पानाला इजा करतात. तुमच्या वडिलांची परीक्षा रसायनशास्त्राला धरून अगदी चोख आहे. वर्गात मी खिळा दाखवत असे, विळ्याचं उदाहरण त्याहून चांगलं.

ताई, मुलीनं आतापर्यंत अणूचा आयन होताना वाचलं. इथे तिला आयनाचा परत अणू होताना दिसेल. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम धातू पहिल्यांदा वेगळा काढला, तेही हेच: सोडियम आयनाला जबरदस्तीने इलेक्ट्रॉन परत देणं. तिथे वीज लागली, कारण हिशोब तोट्याचा होता. विळ्याला वीज लागत नाही.

होटगीरोडची_आई

सर, कृषी दुकानातून थोडा मोरचूद आणला. काचेच्या ग्लासात चमचाभर विरघळवून घासलेला खिळा ठेवला. थोड्याच वेळात तांबूस झाला! सकाळी बघितलं तर पाण्याचा निळा रंगही फिका पडलाय. मुलगी विचारतेय, निळा रंग कुठे गेला, आणि खिळा बारीक झाला का?

प्रयोगवही

निळा रंग तांब्याच्या आयनांचा होता. ते अणू होऊन खिळ्यावर बसले, पाण्यात कमी उरले. त्यांच्या जागी फेरस आयन आले, त्यांचा रंग फिकट हिरवा असतो, पातळ द्रावणात जेमतेम दिसतो. खिळ्यातलं लोखंड कमी झालं हे नक्की. पण वजन करू म्हणाल तर उलटं दिसेल. लोखंडाचं अणुवस्तुमान ५६ च्या आसपास, तांब्याचं ६३.५. जेवढे लोखंडाचे अणू उतरले तेवढेच तांब्याचे चढले, म्हणून थर गळून पडला नसेल तर खिळा थोडा जड भरतो. सराफी काटा कुणाकडे असेल तर मोजून बघा.

तो ग्लास पुन्हा पिण्याला वापरू नका आणि पाणी मोरीत ओतू नका. मोरचूद पोटात गेला तर विषारी आहे. पाण्यात चमचाभर चुना ढवळून एक दिवस ठेवा. खाली बसलेला गाळ कागदात गुंडाळून घातक कचरा म्हणून वेगळा बांधून द्या. हात साबणाने धुवायला सांगा.